नव्या पाळकासाठी: पहिल्याच वर्षात लावून घ्यायच्या सवयी

प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, विश्वास ठेवणाऱ्यांपुढे आदर्श हो असं जे सांगितलं (1 तीमथ्य 4:12), त्यात मराठी शास्त्राने, म्हणजे बायबलने, ‘कित्ता’ हा शब्द वापरला आहे. फार नेमका शब्द आहे हा. वरच्या ओळीतल्या ‘क’चं पोट वाकडं असेल, तर गिरवताना खालच्या सगळ्या ओळींत ते तसंच उतरतं. मंडळीचं, म्हणजे चर्चच्या लोकांचंही असंच होतं. पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, दहा मिनिटं उशिरा येऊ लागला की गायनमंडळ पंधरा मिनिटं उशिरा येतं. पाळकाने एका घरातलं दुसऱ्या घरी सांगितलं की महिला मंडळाच्या प्रार्थनेत चहाड्या शिरतात. म्हणून चारित्र्य ही फक्त मनातली गोष्ट समजू नका. रोजच्या बारीकसारीक व्यवहारात ते बांधून घ्यावं लागतं, आणि तेही पहिल्याच वर्षात. पुढे अपवादच अंगवळणी पडतात.

सुरुवात पैशापासून करा, कारण चांगल्या माणसांचंही नाव सगळ्यात आधी तिथेच जातं. उपासना संपली की दान तिथल्या तिथे, उघड्या टेबलावर, सगळ्यांसमोर मोजायचं. मोजणारे दोघे, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. पाळक आणि पाळकीणबाई यांनी टेबलाजवळही जायचं नाही. चिठ्ठीवर पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा आणि नाणी अशा ओळी आखून नग लिहायचे, बेरीज करायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या. सोमवारी बँकेत भरणा करून पावती त्याच चिठ्ठीला टाचायची. कोणी किती दिलं हे पाळकाला कळूच नये. कळलं की नजर बदलते, आणि ते आपल्याला जाणवण्याआधी मंडळीला जाणवतं.

नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरण्याकडे शाळेचा हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या लहान मंडळ्यांत हमखास होणारी चूक म्हणजे ‘खातं उघडेपर्यंत’ पाळकाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर दान घेणं. तीन महिन्यांनी त्याच खात्यात घराचा किराणा, मुलांची फी आणि मंडळीचं दान असं सगळं मिसळलेलं असतं. एक पैसा इकडचा तिकडे झाला नसला तरी ते सिद्ध करता येत नाही. खातं उघडायला वेळ लागणार असेल तर तोवर रोखीने घ्या, वहीत लिहा, पण स्वतःचा नंबर देऊ नका. यरुशलेमसाठी वर्गणी नेताना पौलानेसुद्धा आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं पाठवली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8). पौलाला ज्याची गरज वाटली, ती आपल्यालाही वाटायला हवी.

मंडळीतल्या कोणाकडून उसने घेऊ नका, कोणाला जामीन राहू नका. आजारी माणसाला मदत करायची असेल तर पैसे हातात न देता इस्पितळाच्या काउंटरवर भरा आणि पावती मंडळीच्या नावे घ्या. पगाराचंही स्पष्ट बोला. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला हे ऐकून नव्या सेवकांना तसंच करावंसं वाटतं. वाटण्यात गैर काही नाही, पण भाडं, शाळा, औषधपाणी यांचा हिशेब पत्नीबरोबर बसून आधी मांडा. घरात पैशाची चणचण भासली की लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या पाकिटांवर डोळा जातो.

दुसरी जागा म्हणजे घरभेटी. ठाणे-नवी मुंबईच्या या भागात पुरुष शिफ्टला असतात, घरी बहुधा एकटी बाई. म्हणून आधी फोन करा, बरोबर मंडळीतला एक वडील (एल्डर) किंवा पत्नीला घ्या, दार उघडं ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. एक शास्त्रभाग, विचारपूस, प्रार्थना आणि उठायचं. जेवणाची वेळ टाळा, कारण गरिबाच्या घरी त्या वेळी गेलं की त्याची ओढाताण होते. भेटींच्या वहीत तारीख, नाव आणि प्रार्थनेचा विषय एवढंच लिहा, घरातली गुपितं नकोत. मात्र तिमाहीला ती वही उघडून बघा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पाच भेटी आणि कळव्याच्या चाळीत एक, असं दिसलं तर उपदेशात गरिबांविषयी काय बोललात याला अर्थ उरत नाही.

प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाकण्याआधी त्या घराला विचारा, ‘कोणत्या शब्दांत सांगू?’ मुलाचं व्यसन, मुलीचं मोडलेलं लग्न प्रार्थनेच्या नावाने चारशे मोबाइलवर गेलं की ते घर परत येत नाही. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, पाळकानेसुद्धा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने (2012) बंधनकारक आहे. ‘मंडळीचं नाव जाईल’ म्हणून वडीलमंडळींनी आत मिटवायचं नाही.

बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदवह्यांवर नव्या पाळकाची खरी परीक्षा होते. ‘पाळकसाहेब, दाखल्यावर तारीख जरा मागची टाका’ असं सांगणारं माणूस बहुधा जवळचंच असतं, आणि काम खरंच अडलेलं असतं. तरीही नाही म्हणा. चुकलेली नोंद एका रेघेने खोडा, वर बरोबर लिहा, तारीख घालून सही करा; व्हाइटनर वहीजवळ ठेवूच नका. लग्नाचंही तसंच. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, ठरावीक अपवाद सोडले तर, विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच होतो. अधिकार नसताना लग्न लावलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याला परवाना लागतो की आपल्या दीक्षेतच तो अधिकार येतो, हे पहिल्या लग्नाआधी वरिष्ठांकडून लेखी घ्या. वरात घोडबंदरला अडकली तरी वहीत घड्याळाची खरी वेळच लिहायची. म्हणून मुहूर्त चारचा द्या, सहाचा नको.

वेळेचं गणित रविवारी बिघडतं. सकाळी ठाण्यात आणि नंतर ऐरोलीत उपासना असेल तर शनिवारी लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. ट्रान्स-हार्बर लाइन बंद असली तर बसने निघायची वेळ आधीच ठरवा.

बाहेरच्यांत चांगलं नाव असावं, ही अटही शास्त्रातलीच (1 तीमथ्य 3:7). सोसायटीचा वॉचमन, समोरचा दुकानदार आणि खालच्या मजल्यावरची आजी तुम्हाला कसं ओळखतात? रात्री दहानंतर स्पीकर बंद, गाड्या दुसऱ्याच्या गेटसमोर नाहीत, मेंटेनन्स वेळेवर. आणि चूक झालीच तर, ज्यांच्यासमोर झाली त्यांच्यासमोरच, त्याच आठवड्यात, ‘पण’ न लावता माफी मागा.

बदली झाली की नोंदवह्या, किल्ल्या, रोकडवही आणि बँकेची कागदपत्रं यादी करून नव्या पाळकाच्या ताब्यात द्या आणि दोघांच्या सह्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवा. ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडा. जुन्या मंडळीतून लग्नाचं किंवा दफनविधीचं बोलावणं आलं, तर आधी नव्या पाळकाला फोन करा. तो ‘या’ म्हणाला तरच जायचं, आणि विधी त्यालाच करू द्यायचा.