पहिली बिअर: एक माल्ट, एक हॉप, बस

भाचा लीड्सला शिकायला गेला आणि महिन्याभरात त्याचा फोन: "मामा, धान्यापासून बिअर करायचीय, रेसिपी सांग." तिथे स्वतःपुरती करायला परवाना लागत नाही. इथे नाशकात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे माझी भांडी माळ्यावरच.

मी तिथे असताना पहिल्याच खेपेला सात धान्यं आणि चार हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घातले होते. चव बिघडली, पण कशाने ते आजतागायत कळलं नाही. म्हणून त्याला म्हटलं, एकच माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य घे, एकच हॉप. लागर ही थंडीत आंबवायची बिअर नको, त्याला दहा-बारा अंशांची थंडी आठवडेच्या आठवडे लागते. नुसता गहूही नको. टरफल नाही, गाळताना चिकटून बसतो.

१० लिटरला २.२ किलो पेल माल्ट, म्हणजे जवाचा फिकट माल्ट. वाइनच्या द्राक्षात साखर आयतीच असते, इथे ती स्टार्चमधून काढावी लागते. सगळी मेख इथेच. माल्ट लापशीच्या रव्यासारखा भरड हवा, भाजणीसारखा बारीक नाही. ७ लिटर पाणी ७३ अंशांवर आण, चक्का बांधतो तशा फडक्यात माल्ट सोड. तापमान ६७ च्या आसपास येईल. झाकून तासभर ठेव, तेवढ्यात स्टार्चची साखर होते. ७० च्या वर गेलं तर बिअर गोडसर राहते.

मग गरम पाण्याने फडक्यातला माल्ट धू, तो बाजूला काढ आणि उरलेलं गोड पाणी तासभर उकळ. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हा हॉप सुरुवातीला २० ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत १०. गार झाल्यावर कोरडं एल यीस्ट (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर), अर्धं पाकीट, आणि १८-२० अंशांत आंबू दे.

"आणि मध घालू का?" दुसऱ्या खेपेला, बाबा.