जूनमधली काडी आणि ऑक्टोबरचा घड

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेली छाटणी) झालेल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागा जूनच्या सुरुवातीला पन्नास दिवसांच्या पुढेमागे असतात. मालाचा मंडप रिकामा, वेल नुसता हिरवागार, म्हणून बरेच जण या दिवसांत बागेकडे पाठ फिरवतात. खरं तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर (घड येण्यासाठीच्या छाटणीनंतर) जो घड बाहेर पडतो, तो याच दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, तयार होत असतो. खरड छाटणीनंतरच्या साधारण 40व्या ते 60व्या दिवसापर्यंतचा हा काळ. नंतर कितीही महागडी फवारणी केली तरी डोळ्यात नसलेला घड बाहेर येत नाही.

डोळ्याला ऊन लागतं. आभाळ भरून राहिलं, त्यात फुटव्यांची दाटी झाली, की घडाऐवजी बाळी (वेलाचा आधाराला गुंडाळणारा ताणा) निघते. दोन्हींचा उगम एकच. ढग आपल्या हातात नाहीत, दाटी आहे. जास्तीचे फुटवे काढा, काड्या तारेवर मोकळ्या बांधा. दुपारी मंडपाखाली उभं राहून बघा, जमिनीवर कवडसे पडायला हवेत. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटवलेली उपकाडी) केली असेल, तर पुढच्या बगलफुटी वेळच्या वेळी काढा.

पाण्याचा आणि युरियाचा हात आखडता घ्या. शेंडा जोरात पळतोय म्हणजे वेल घडाचं नाही, वाढीचं बघतोय. शेजारच्याची बाग जास्त हिरवी दिसते म्हणून खत सोडू नका (ही खोड आपल्याकडे जुनी!). स्फुरद आता, पालाश छाटणीला साठ दिवस झाल्यावर, काडी पिकताना. पावसाळ्यात केवडा, भुरी, करपा या रोगांनी पानं गळाली तर काडी कच्ची राहते, तेव्हा माल नसला तरी फवारणी सोडायची नाही.

ऑक्टोबरच्या आधी डोळे तपासून घ्या. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून, जाड आणि मध्यम अशा दोन्ही काड्या घ्या, ओल्या कापडात गुंडाळून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळलं की छाटणी तिथे धरता येते. सबकेनमध्ये बहुधा तो गाठीच्या (उपकाडी फुटते त्या जागेच्या) जवळपासच सापडतो. एकाच बागेत हलकी आणि भारी अशी दोन प्रकारची जमीन असेल, तर नमुने वेगळे ठेवा.