नळ घेण्याआधी गच्चीवरची टाकी बघा

बाथरूमचं काम निघालं की टाइल्स निवडण्यात आपण आठवडा घालवतो आणि नळ मात्र शेवटच्या दिवशी, प्लंबर दारात उभा असताना, अर्ध्या तासात उरकतो. दुकानात सगळेच नळ चकाकतात, मग डोळ्यांना जो आवडेल तो पिशवीत पडतो. खरं तर कुठला नळ तुमच्याकडे टिकेल हे तुमच्या घरचं पाणी ठरवतं. त्यामुळे दुकानाची पायरी चढण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी तपासून घ्या.

आधी पाण्याचा जोर मोजा. जुन्या नळाच्या तोंडाची जाळी काढा, खालचा अँगल कॉक (त्या नळाचं पाणी बंद-चालू करणारी छोटी तोटी) पूर्ण उघडा, 20 लिटरची बादली लावा आणि मोबाइलवर वेळ बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 10 लिटर, म्हणजे काळजीचं कारण नाही. चार-पाच मिनिटं लागली तर जोर कमी आहे.

याचा हिशोब सोपा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या 10 मीटर वर असेल तर नळाला साधारण 1 बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब मिळतो. चार मजली इमारतीत तळमजल्यावाल्यांची त्यामुळे चैन असते. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकी नळापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर, म्हणजे दाब 0.2 ते 0.3 बार. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बघून आणलेला सिंगल लिव्हर मिक्सर (एकाच दांडीने गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) किंवा मोठा रेन शॉवर वर लावला की करंगळीएवढी धार पडते, आणि शिव्या प्लंबरला बसतात. नळाला किमान किती दाब लागतो हे कंपनीच्या कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं. दुकानदाराला ते पान उघडून दाखवायला सांगा. दाब कमी असेल तर गरम-थंडाला वेगवेगळ्या मुठी असलेला साधा वॉल मिक्सर बरा, नाहीतर प्रेशर पंपाचा खर्च धरून चाला.

आणखी एक ठिकाण फसवं आहे. काही घरांत थंड पाणी थेट नगरपालिकेच्या लाइनचं असतं आणि गरम पाणी टाकीवरून गिझरमार्गे येतं. दोन्हींचा दाब सारखा नसेल तर एकाच मिक्सरमध्ये ती नीट मिसळत नाहीत, थंड पाणी गरमाला मागे ढकलतं. अशा घरात दोन्ही जोडण्या एकाच टाकीवरून घ्या, मगच मिक्सरचा विचार करा.

मग पाणी कसलं आहे ते बघा. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आत पांढरा थर बसतो. पाणी जड असल्याची ही ओळख. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 अशी आहे. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ असतं. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांनी मात्र पाणी तपासून घेतलेलं बरं. पाणी जड असेल तर काळ्या मॅट रंगाचे नळ फोटोतच बघावेत, त्यांवर प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसतो. साधं क्रोम पुसायला सगळ्यांत सोपं.

आता दुकान. नळ हातात घ्या. पितळी नळ जड लागतो. त्याच आकाराचा, पण हलका लागणारा नळ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचा असतो. शिवाय नळ उलटा धरून आत डोकवा, पितळाचा पिवळेपणा तिथे दिसायला हवा. पितळी फॅन्सी नळांसाठीचं भारतीय मानक आयएस 8931 आहे, तो क्रमांक खोक्यावर शोधा.

मूठ फिरवून बघा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुतेक वेळा सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यात झिजणारा रबरी वायसर नसतो, म्हणून वर्षानुवर्षं ठिबक होत नाही. त्यांचा वैरी एकच, रेतीचा कण. म्हणून नवीन पाइपलाइन झाल्यावर नळ बसवण्याआधी थोडा वेळ पाणी जोरात सोडून लाइन धुऊन काढायला सांगा. प्लंबर हे आपणहून क्वचितच करतो. जुन्या पद्धतीचा फिरकीचा नळही वाईट नाही. त्याचा वायसर काही रुपयांत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि घरीच बदलता येतो. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला सुमारे 20 लिटर पाणी जातं, त्यामुळे दुरुस्ती सोपी असणं ही छोटी गोष्ट नाही.

जागा बघून आकार ठरवा. स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त विचार करा, कारण घरातला सर्वांत राबणारा नळ हाच. सिंकमध्ये तुमचा मोठ्यातला मोठा कुकर किंवा हंडा ठेवा आणि नळाची मान त्याच्या वर राहील इतकी उंच घ्या. पण फार उंच घेतलात तर पाणी ओट्यावर उडतं. मान दोन्ही बाजूंना फिरणारी हवी आणि धार सिंकच्या मध्यावर पडायला हवी. तोंडाला जाळी असेल तर पाण्यात हवा मिसळून कमी पाण्यात भांडी निघतात.

बाथरूममध्ये बादली हेच माप. बादलीची उंची मोजून नळाचा पॉइंट त्याहून वर काढून घ्या. भिंतीपासून धार लांब पडावी म्हणून तिथे लाँग बॉडीचा नळ लागतो, नाहीतर अर्धं पाणी बादलीच्या काठावर. बेसिनवर उभा बसणारा साधा पिलर कॉक चालतो. ओट्यावर ठेवलेल्या वाडग्यासारख्या बेसिनला मात्र उंच मानेचा लागतो. वॉशिंग मशीनसाठी नोझलवाला, बाल्कनीत पीटीएमटी नावाच्या प्लास्टिकचा नळ पुरे. घरात म्हातारी माणसं असतील तर गोल मुठीऐवजी दांडीचा नळ घ्या, ओल्या हातांनी तोच वळतो.

भिंतीत गाडले जाणारे डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे वळवायचं ते ठरवणारे) देखणे दिसतात, पण ते बिघडले आणि सुटा भाग मिळाला नाही की टाइल्स फोडाव्या लागतात. त्यात पैसे वाचवू नका. ज्या कंपनीचं कार्ट्रिज (आतला पाणी उघड-बंद करणारा सुटा भाग) तुमच्या गावातल्या दोन-तीन दुकानांत मिळतं, तीच घ्या.

बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. कार्डावर जड पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं आहे का, ते पैसे देण्याआधीच वाचा. बसवताना मुलाम्यावर थेट पान्हा लावू देऊ नका, मध्ये फडकं धरायला सांगा. पुढे जाळी तुंबली की काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र नळाला कधीच लावू नका, क्रोम उडतं आणि खालचं पितळ उघडं पडतं.