जीआरबी शोधताय? या चुका टाळा, प्लीज

ॲस्ट्रोसॅट, फर्मी, स्विफ्ट या सगळ्या उपग्रहांचा डेटा फुकट मिळतो, त्यामुळे मुंबईतल्या कॉलेजांतली बरीच पोरं हल्ली प्रोजेक्टला गॅमा किरण स्फोट म्हणजे जीआरबी (दूरच्या अवकाशातून येणारा गॅमा किरणांचा क्षणिक झोत) घेतात. चांगलंच आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून डोकं उठतं, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

पहिली आणि सगळ्यात लाडकी चूक वेळेची. जीआरबीचं नाव यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या तारखेवरून पडतं आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे तारीख बदललेली असते, तिकडे कालचाच दिवस चालू असतो. डोंबिवलीच्या एका पोराने फर्मीला दिसलेला छोटा स्फोट आपल्या ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या डेटात शोधायला घेतला. सोयीसाठी म्हणे वेळ आयएसटीत, म्हणजे भारतीय वेळेत केली आणि दुसऱ्याच दिवसाचा डेटा उतरवून बसला. ते सुधारलं तरी काही दिसेना. मग कळलं की फर्मीचे सेकंद 1 जानेवारी 2001 पासून मोजतात आणि ॲस्ट्रोसॅटचे 2010 पासून, आणि ह्याने हाताने नऊ वर्षं वजा केली होती, मधले लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेले जादा सेकंद) गायब. काही सेकंदांचा फरक पडला. स्फोट दोन सेकंदांहून छोटा, ह्याने शोधलं एक सेकंद मागेपुढे, सापडणार कुठून! तोवर "आपल्या उपग्रहाला दिसला नाही" असं रिपोर्टात छापून झालेलं. मी हाताने सेकंद कधीच वजा करत नाही, आधी यूटीसी तारीख-वेळ कागदावर लिहितो, मग रूपांतराचं काम सॉफ्टवेअरला देतो. मनगटावरचं घड्याळही यूटीसीवर असतं, घरचे वैतागतात, वैतागू देत.

दुसरी चूक, आलेखात एक उंच सुळका दिसला की "सर, मिळाला!" सीझेडटीआयचे चार क्वाड्रंट म्हणजे चार भाग आहेत, मिळून 16384 पिक्सेल. खरा स्फोट साधारणपणे चारही क्वाड्रंटमध्ये एकाच वेळी चढताना दिसतो. एकाच क्वाड्रंटमध्ये दिसला तर डिटेक्टरचा नकाशा काढा, बहुतेक वेळा एकच पिक्सेल चकाकत असतो, बाकी सगळं शांत. किंवा कॉस्मिक किरण आदळलेला असतो, त्याच्या एका धडकेत काही मायक्रोसेकंदांत नोंदींचा घोळका येतो. पण हे बघायला पाच मिनिटं द्यावी लागतात आणि नेटवरून उचललेला कोड तर पाच सिग्मा, म्हणजे हा योगायोग नव्हेच, असं सांगून मोकळा झालेला असतो! मी कोड चालवायच्या आधी चारही आलेख एकाखाली एक लावून नुसते डोळ्यांनी बघतो.

बाकीच्या पटापट. साउथ अटलांटिक ॲनॉमलीच्या (पृथ्वीभोवतीचे भारित कण जिथे खाली उतरतात त्या पट्ट्याच्या) कडेला डिटेक्टरचे काउंट वाढतात, तो स्फोट नव्हे. फर्मीचे बाराच्या बारा सोडियम आयोडाइड डिटेक्टर एकत्र मिळवू नका, स्फोटाकडे तोंड असलेले घ्या. पृथ्वी आड आली होती का ते बघा, या कक्षेतून ती तीसेक टक्के आकाश झाकते. सौरज्वाला तपासा. बिनचा, म्हणजे नोंदी मोजायच्या वेळेच्या तुकड्याचा, आकार एकच धरून बसू नका.

आता आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटानंतर मागे उरणारी, मंदावत जाणारी चमक. इथे पोरांना घाई फार. एकट्या फर्मीने दिलेली जागा कित्येक अंश पसरट असते, तिथे छोटी दुर्बीण वळवून काय मिळणार, स्विफ्टच्या एक्स-रे दुर्बिणीची जागा येईपर्यंत थांबा. आणि शून्य वेळ स्फोटाची धरा, अलर्टची नाही. 9 ऑक्टोबर 2022 चा जीआरबी 221009ए घ्या. फर्मीने पकडला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात वाजून गेले होते, स्विफ्टचा ट्रिगर (उपग्रहाने आपोआप केलेली स्फोटाची नोंद) त्यानंतर जवळपास 53 मिनिटांनी आला, तोही आफ्टरग्लोवरच, आणि जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने आधी वाटलं की आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी आहे. स्विफ्टच्या ट्रिगरपासून वेळ मोजून लॉग-लॉग (दोन्ही अक्ष लॉगॅरिदमचे) आलेख काढला तर सुरुवातीचे बिंदू सगळे डावीकडे सरकतात आणि उतार भलताच येतो. मग पोरं त्यावर नवीन भौतिकशास्त्र रचतात. शिवाय हा स्फोट इतका तेजस्वी होता की फर्मीच्या डिटेक्टरांची मोजायची क्षमताच संपली, त्यामुळे त्याच्या शिखराची उंची थेट आलेखावरून वाचू नका. आणि दृश्य प्रकाशातलं तेज मोजताना वाटेतल्या धुळीची दुरुस्ती न करता आकडा दिलात तर मी रिपोर्ट पुढे वाचत नाही.