कर्जाआधी पैसे मागितले तर काय करावे?

सोलापुरातील यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या महिला आणि हातगाडीवाले यांच्याकडे पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र सहसा नसते. त्यामुळे बँकेने एकदा नकार दिल्यावर ‘सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारी पत) बघणार नाही, फक्त आधार आणि पॅन पाठवा’ असे सांगणारा फोन त्यांना दिलासा वाटतो. मग व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह किंवा मुद्रा योजनेचे नाव असलेले मंजुरीपत्र येते. मुद्रा ही संस्था कोणालाही थेट कर्ज देत नाही, ते बँका व वित्तसंस्थांमार्फतच मिळते. एवढे ठाऊक असले तरी अशी बरीच पत्रे तिथेच बाद होतात.

पहिली मागणी मुद्दाम लहान असते. प्रोसेसिंग फी भरली की विम्याचा हप्ता, मग कर्जाच्या रकमेवर जीएसटी, त्यानंतर ‘तुमचा खाते क्रमांक चुकल्याने रक्कम अडकली’ म्हणून दंड, असे एकामागून एक कारण पुढे येते आणि प्रत्येक वेळी सगळे पैसे कर्जासोबत परत मिळतील असे आश्वासन दिले जाते. माणूस पुढचे पैसे भरतो ते कर्जाच्या आशेपेक्षा आधी भरलेले बुडू नयेत म्हणून, आणि फसवणुकीची सारी भिस्त यावरच असते. नकार दिल्यास पोलीस केसची धमकी येते. कर्ज हातात पडलेलेच नसेल, तर फेडण्यासारखे काही नसते, म्हणून त्या धमकीला घाबरू नये.

खऱ्या संस्थाही प्रक्रिया शुल्क घेतात, पण ते बहुधा कर्जाच्या रकमेतून कापले जाते. गृहकर्जासारख्या ठिकाणी अर्जासोबत घेतले तरी ते संस्थेच्या खात्यात आणि पावती देऊन घेतले जाते, कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर नव्हे. जीएसटी त्या शुल्कावर लागतो, मुद्दलावर नाही. शुल्क व व्याजाचा तपशील देणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आधी मागावे. कंपनीचे नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत सापडले, तरी फोन करणारा तिचाच माणूस आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून त्याने दिलेला क्रमांक बाजूला ठेवून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर किंवा शाखेत जाऊन विचारावे.

पैसे गेलेच असतील, तर घरच्यांपासून लपवण्यात वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या संदेशात किंवा ॲपमध्ये दिसणारा संदर्भ क्रमांक) सांगावा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधीच समोरचे खाते गोठवले गेले तर ती वाचू शकते. आपल्या बँकेलाही कळवावे. चॅट, मंजुरीपत्र आणि पावत्या जपून ठेवून शहरातील रहिवाशांनी आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात, तर तालुक्यातील लोकांनी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. आधार व पॅन दिले असल्यास आपल्या नावावर भलतेच कर्ज उचलले गेले नाही ना, हे वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या क्रेडिट अहवालात तपासावे. काही दिवसांनी ‘बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फाइलचा खर्च भरा’ असा फोन येऊ शकतो. तो क्रमांकही त्याच तक्रारीत जोडावा.