वळीव यायच्या आत जनरेटरची वायर बघून घ्या

मे महिना आला की वळवाचं वारं सुटतं, फांद्या तारांवर पडतात, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जातो आणि लाईट कधी येईल कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पोल्ट्रीवाले, गोठेवाले, नर्सरीवाले छोटा जनरेटर घेऊन ठेवतात, ते चांगलंच आहे, पण एवढे पैसे घालून वायर मात्र घरात कुठली पडलीय ती जोडतात आणि खरा धोका तिथंच आहे.

आधी अँपिअर काढा. जनरेटरवर त्याची ताकद केव्हीएमध्ये लिहिलेली असते, त्या केव्हीएला १००० नं गुणा आणि २३० नं भागा. ३ केव्हीएचे साधारण १३ अँपिअर, ५ केव्हीएचे जवळपास २२. तांब्याची वायर असेल आणि अंतर दहा-पंधरा मीटर असेल तर १३ अँपिअरला अडीच स्क्वेअर एमएम जाडीची चालते, २२ ला चारची घ्या. दीडची वायर दिव्यांना ठीक, मोटरला नको.

पण आपल्याकडं अंतर कुठं एवढं कमी असतंय? जनरेटर घराजवळ आणि शेड ५० मीटरवर, म्हणजे करंटला जाऊन येऊन १०० मीटर. २० अँपिअरला दीडच्या वायरमध्ये साधारण २६ व्होल्ट वाटेतच जातात, अडीचमध्ये १६, चारमध्ये १०, सहामध्ये साडेसहा. २३० चे २०४ झाले की मोटर उचलत नाही, घुंघुं करत बसते, जास्त करंट ओढते आणि आतलं वाइंडिंग (तारेचे वेढे) जळतं, मग आपण म्हणतो जनरेटरच खराब. सुरू होताना तर मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, तेव्हा बारीक वायरीत व्होल्टेज अजून पडतं. त्यामुळं ५ केव्हीएला ५० मीटरसाठी सरळ सहाचीच टाका, पैसे जास्त जातात पण मोटर परत भरायला लागत नाही. ॲल्युमिनियमची वायर असेल तर तांब्याच्या दीडपटीपेक्षा जाड लागते.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारी स्विच, वायर बघून बसवायची, जनरेटर बघून नाही. अडीचला १६ अँपिअरची, चारला २० ची, सहाला २५ ची. सारखी पडते म्हणून मोठी बसवली तर एमसीबीच्या आधी वायर जळेल. वायर आयएसआय मार्कचीच घ्या, थ्री कोअर म्हणजे आत तीन तारांची, अर्थिंगसकट. गुंडाळी पूर्ण सोडून टाका, वेटोळ्यात उष्णता अडकून वायर वितळते. मधे जोड नको, टेपवाला तर पावसात अजिबात नको.

आणि हे हात जोडून सांगतो, जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये दोन्हीकडं पिन लावून कधीच जोडू नका. तो करंट उलटा डीपीत जातो, तिथून ११ हजार व्होल्टच्या लाईनवर चढतो आणि तार जोडायला खांबावर चढलेला लाईनमन जागेवर जातो. वायरमनला बोलावून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, एका वेळी एकच बाजू लागली पाहिजे. जनरेटर बाहेर, छपराखाली, पण पंपघरात किंवा शेडच्या आत नको, धुराचा वास नसला तरी त्यातला गॅस माणसाला आणि पक्ष्यांना मारतो.

आता पाऊस नाही तोवर एकदा पूर्ण लोड टाकून अर्धा तास चालवा. मग जनरेटर बंद करून पिन, सॉकेट आणि वायर हातानं चाचपा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर ती वायर काढून एक साईझ जाड घ्या, आणि नुसती पिनच तापली असेल तर पिन-सॉकेट बदला.