अंदमानला निघण्याआधी: मराठवाड्यातल्या घरासाठी तयारीची यादी

मे महिना उतरणीला लागला, टीव्हीवर ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी पट्टी फिरू लागली की परभणी-हिंगोलीकडच्या पारांवर बी-बियाण्याच्या गोष्टी सुरू होतात. तो पाऊस आपल्याला हवाहवासा असला तरी अंदमानच्या सहलीला तोच आडवा येतो. म्हणून यादीतलं पहिलं काम कॅलेंडर उघडायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं उठतात. आपल्याकडे वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर बरं वर्ष म्हणतात. तिथे तीन हजारांच्या आसपास पडतो. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि बोटी बंद म्हणजे सहलच बंद. दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत अनेक घरांत होतो. तो टाळता आला तर टाळाच.

शेतीच्या घराला सगळ्यात सोयीचा काळ मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी. तूर घरात आलेली असते, हरभरा अजून उभा असतो, संक्रांत झालेली असते आणि तिकडे समुद्रही शांत असतो. लेकरांच्या शाळेचे चार-सहा दिवस बुडतील, पण दहावी-बारावीचं कोणी घरात नसेल तर ते भरून निघतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सोडा; विमान, खोली आणि बोट तिन्ही महाग, आणि किनाऱ्यावर उभं राहायला जागा नसते. उन्हाळी सुट्टीशिवाय जमतच नसेल तर परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या उत्तरार्धात निघा.

आता दिवस ठरवू. आठशेच्या वर लहानमोठी बेटं आणि खडक असलेला हा द्वीपसमूह आहे, त्यातल्या तीसेक बेटांवरच माणसं राहतात आणि पर्यटक जातात ती मोजकीच. ट्रॅव्हलवाल्यांच्या कागदावर पाच दिवसांत अकरा ठिकाणं असतात. त्यातली निम्मी आधीच खोडून टाका. सहा रात्री असतील तर पहिल्या दोन पोर्ट ब्लेअरला, दोन स्वराज द्वीपला, एक शहीद द्वीपला, आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कोणी कितीही सांगितलं तरी सोडू नका. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी सकाळच्या बोटीने परत यायचं, असा बेत आखला आणि वारा सुटला तर बोट रद्द होते, विमान निघून जातं, आणि सात जणांची नवी तिकिटं काढायला लागलेला पैसा पुढच्या खरिपाला पुरला असता.

तिकीट काढताना नावांकडे लक्ष असू द्या, कारण तिथे दोन-दोन नावं चालतात. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप; ही तीन नावं 30 डिसेंबर 2018 ला बदलली. काही संकेतस्थळांवर जुनी नावं दिसतात, काहींवर नवी.

जाण्याचा रस्ता. नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव या पट्ट्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. अजिंठा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी हैदराबाद गाठता येतं, पण विमानतळ शमशाबादला, शहराच्या बाहेर आहे. स्टेशनावरून तिथे पोचायला दीड-दोन तास हाताशी ठेवा. गाडी उशिरा पोचू शकते हे धरून त्याच सकाळचं विमान घेऊ नका. हैदराबादहून थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन्नईला बदला. चेन्नईहून समुद्रावरून सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण तीन दिवस लागतात. म्हातारी माणसं आणि लेकरं सोबत असतील तर त्या वाटेला जाऊ नका. विमान ठरलं की लगेच बेटांमधल्या बोटींची तिकिटं काढा. खाजगी वातानुकूलित बोट पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला दीड-पावणेदोन तासांत नेते. सरकारी बोट स्वस्त, वेळ जास्त.

कागदपत्रांचं काम आठवडाभर आधी करा, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. मतदान कार्डावर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तिकीट काढणाऱ्या पुतण्याने तिसरंच काहीतरी टाकलेलं. प्रत्येकाचं आधार समोर ठेवून, अक्षर न अक्षर जुळवून तिकीट काढा. विमानाला आणि बोटीलाही ओळखपत्र लागतं, म्हणून आधार मूळ ठेवा आणि दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. लहान लेकराचं आधार नसेल तर जन्मदाखला. नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. निकोबारकडे मात्र आदिवासी क्षेत्राचा पास असल्याशिवाय जाता येत नाही, तेव्हा तो विचार सोडा.

घड्याळ बदलायचं नाही, पण दिवस बदलायचा आहे. परभणीपेक्षा अंदमान सोळा अंश पूर्वेला आहे आणि वेळ मात्र एकच, त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी बुडतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. स्वराज द्वीपवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा म्हणून पाच वाजता हॉटेलातून निघालेली मंडळी अंधारात पोचतात. चारला तिथे असा. रात्री नऊला जेवून, दहा वाजेपर्यंत गप्पा मारून सकाळी आठला उठायची सवय घरी ठेवून चला. तिथला चांगला वेळ सकाळी पाच ते अकरा. निघायच्या आधीचे तीन-चार दिवस लेकरांना लवकर झोपवलं की पहिली सकाळ वाया जात नाही.

दिवसासोबत भरती-ओहोटीही बघावी लागते, आणि हे आपल्या अंगवळणी नाही. शहीद द्वीपवरचा दगडी नैसर्गिक पूल बघायला ओहोटीच लागते. पाणी उतरलं की खडकांतल्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात जिवंत पोवळी, काळ्या लांबट समुद्री काकड्या, बोटभर रंगीत मासे दिसतात. भरतीला हे सगळं पाण्याखाली. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी ‘उद्या पाणी कधी उतरतं?’ एवढं विचारा आणि नाश्त्याची वेळ त्याप्रमाणे लावा. खडक शेवाळाने निसरडे असतात, त्यामुळे मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. पुढे नुसता अंगठा असलेली स्लीपर खडकावर घसरते आणि पोवळ्याची चीर लवकर भरत नाही.

बॅग हलकी भरा. सुती किंवा लवकर वाळणारे कपडे घ्या. जीन्स एकदा भिजली की तिथल्या दमट हवेत दोन दिवस ओली राहते. बायकांनी साडीवर बोटीत चढणं-उतरणं अवघड जातं, म्हणून सलवार-कुर्ता किंवा लेगिंग. घरातल्या मोठ्यांचं काही म्हणणं असेल तर निघायच्या आधीच समजावून घ्या, धक्क्यावर वाद नको. उपरणं प्रत्येकी एक, टोपी, गॉगल, उन्हाचं क्रीम, वाळूतल्या बारीक माशांसाठी अंगाला लावायचं मलम. भिजलेले कपडे ठेवायला दोन-तीन प्लास्टिकच्या जाड पिशव्या. ओआरएसची पाकिटं. बोट लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी, आणि ती बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या अधिक चार दिवसांच्या घ्या आणि हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत, पोर्ट ब्लेअरला आहे. छोट्या बेटांवर साधी सोय असते. ज्यांच्या छातीत कधी दुखलंय त्यांनी जायच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं, हे मी आग्रहाने सांगते.

शिदोरी हवीच. मासे न खाणाऱ्या माणसाची तिथे उपासमार होत नाही, डाळ-भात, डोसा, पोळी-भाजी मिळते, पण पहाटेच्या बोटीला काही मिळेलच असं नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी चार दिवस सहज टिकते. धपाटे दोन दिवस. लोणच्याच्या तेलाची बरणी हातातल्या पिशवीत चालणार नाही, ती मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून. सुकं खोबरं मात्र विमानात कुठेच चालत नाही, कारण ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या आणि खोबरं घातलेला सुका मेवा घरीच ठेवा. पॉवर बँक उलट हातातल्या पिशवीतच हवी.

पाण्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हाचे हंडे अजून आठवतात. अंदमानात एवढा पाऊस पडूनही गोडं पाणी साठवायला जागा कमी. पोर्ट ब्लेअरची तहान धनीखाडी धरणावर भागते आणि उन्हाळ्यात तिथे नळाला पाणी दिवसाआड येण्याची वेळ येते. समुद्रात डुंबून आल्यावर लेकरांना बादलीत आंघोळ घाला, शॉवर सोडून उभं राहू देऊ नका.

आता पोहण्याचं. आपल्याकडे बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. त्या भरवशावर समुद्रात शिरू नये. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी पायाखालून ओढतं, आणि ओढ जाणवेपर्यंत माणूस दहा हात आत गेलेला असतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत, किनाऱ्यावर त्यांच्या पाट्या लावलेल्या असतात. पाटी दिसली की पाण्यात पाऊल नाही. खाडीच्या तोंडाजवळ आणि तिवरांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या, आसपास तर नाहीच. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून बांधले आहेत का ते प्रत्येक लेकराचं स्वतः ओढून बघा. स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचं बघणं, करता येतं, पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक धरून नेतो. स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायला, दहा वर्षांखालचं लेकरू नेत नाहीत; दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असणाऱ्याने फॉर्मवर खरं लिहावं. आणि स्कूबा केल्यावर 24 तास विमानात बसायचं नाही, म्हणून ती गोष्ट सहलीच्या मधल्या दिवसांत ठेवा.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलसाठीही तयारी लागते, आणि ती वाचनाची. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद अशी एकेकट्याची खोली. वर उंचावर एक झरोका. प्रत्येक इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोर माणूसच दिसू नये. कोठडीत आत उभं राहून दार ओढून घ्या आणि कडी कुठे आहे ते बघा: दारापासून दूर, भिंतीतल्या खाचेत, आतला हात पोचणारच नाही अशी. घाण्याला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत, तो घाणाही तिथे ठेवला आहे. विनायक सावरकर 1911 ला इथे आले, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून इथेच होते. पण भिंतीवरच्या नावांत बंगाल आणि पंजाबची नावं किती आहेत तेही वाचा. आपल्याकडे कित्येक घरांत निजामाच्या तुरुंगात राहिलेले आजोबा-पणजोबा होते. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करणाऱ्या लेकरांना हे जोडून सांगितलं तर त्यांना जास्त कळतं. तुरुंग दुपारी, घाईत, दोन ठिकाणांच्या मधे उरकू नका. अर्धा दिवस द्या, संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाच्या हिंदी खेळाचं तिकीट आधी काढा, आणि सुट्टीचा वार कोणता ते पोचल्याबरोबर विचारा.

बाराटांग या बेटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, तिवरांमधून जाणारी बोटही. पण त्यासाठी रात्री तीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर ताफ्याची वाट बघायची, आणि वाट जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ फेकणं हा गुन्हा आहे, 1956 पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. ‘जारवा दिसतील’ असं सांगून कोणी सहल विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. ती माणसं आहेत, आपली वाट त्यांच्या घरातून गेलेली आहे. गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल तर त्या दिवशी रॉस बेटावरच्या पडक्या इमारती आणि हरणं बघा, सगळ्यांना झेपतं.

फोनचं म्हणाल तर ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल गेल्यापासून पोर्ट ब्लेअरला नेट चांगलं चालतं. छोट्या बेटांवर रेंज येते-जाते, आणि रेंज गेली की पैसे देण्याचं ॲपही गेलं. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा, दोघांकडे वाटून ठेवा. बोटीची, विमानाची, हॉटेलची तिकिटं कागदावर छापून घ्या. घरी शेजाऱ्यांना दिवसवार कुठे असू ते लिहून द्या.

आणि परतीची बॅग. किनाऱ्यावर पडलेला शंख, पोवळ्याचा तुकडा लेकरांच्या खिशात जातोच. तो तिथेच ठेवायला लावा. पोवळी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर बॅग तपासतात. शंखशिंपल्याची वस्तू हवीच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा. शेवटच्या रात्री सगळ्या बॅगा रिकाम्या करून खिसे झटका, वाळू निघते तेव्हा शंखही निघतात.